जाळ्याचा पाटकरी व्हायचे, तर पदवी की प्रमाणपत्र?

इंदापूर तालुक्याच्या दक्षिण कडेला नीरा नदीच्या काठी निरवांगी नावाचे गाव आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. अलीकडच्या अंगाला वालचंदनगरची यंत्रशाळा, भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना, आणि अधेमधे नजर पोचेल तिथवर ऊस. पुण्यामुंबईच्या आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी हे गाव पाहिलेले नसेल. मात्र ज्या प्रश्नावरून सदाशिव पेठेतल्या किंवा डोंबिवलीतल्या घरात रात्रीची जेवणे लांबतात, तोच प्रश्न अशा गावातल्या घरात अधिक टोकदार होऊन उभा राहतो. म्हणून त्याचा विचार तेथूनच सुरू केलेला बरा.

समजा, अशा एका घरातले चिरंजीव नुकतेच बारावी झाले आहेत. गणित बरे, इंग्रजी बेताचे, आणि आळीत कोणाचेही वायफाय बंद पडले की बोलावणे यांनाच. दिवाळीच्या सुमारास वडिलांच्या हाती कारखान्याचा शेवटचा हप्ता पडायचा आहे. चिरंजीव म्हणतात, "अण्णा, मला नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर व्हायचंय. त्याला तीन-चार वर्षांची पदवी कशाला? सहा महिन्यांत परीक्षा देतो, प्रमाणपत्र घेतो आणि पुण्याला नोकरीला लागतो." अण्णा हिशेबात गुंतलेले. आई मात्र चुलीपासून एकच प्रश्न टाकते, "आणि उद्या सोयरीक आली, तर पोरगा काय शिकलाय म्हणून सांगायचं?"

या प्रश्नाला शहरी वाचकांनी हसू नये. आपल्याकडे वर्तमानपत्रांतल्या विवाहविषयक जाहिराती अजून शिक्षणापासूनच सुरू होतात, आणि तेथे 'सीसीएनए' ही अक्षरे छापली तर मुलीचे वडील ती एखाद्या आजाराचे नाव समजण्याचा संभव आहे.

आता हा नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर करतो तरी काय? निरवांगीच्या माणसाला हे समजावून देणे पुणेकराला समजावून देण्यापेक्षा सोपे आहे. १८८० च्या दशकात बांधलेला नीरा डावा कालवा बारामती-इंदापूरच्या शिवाराला पाणी पुरवतो. मुख्य कालव्यातून फाटे फुटतात, फाट्यांतून चाऱ्या, आणि चारीतून पाणी शेतात येते. कोणाची पाळी कधी, दार किती उघडायचे, वरच्या माणसाने चोरून पाणी वळवले तर टेलच्या माणसाला ते कसे पोचवायचे, हे सारे पाहणारा तो पाटकरी. संगणकांच्या जाळ्यातही असाच एक पाटकरी लागतो. बाहेरून कचेरीत येणारी इंटरनेटची तार हा मुख्य कालवा. राऊटर म्हणजे फाट्यावरचे दार, स्विच म्हणजे चारीवरची वाटणी, आणि प्रत्येक संगणकाचा आयपी पत्ता म्हणजे जणू सातबारावरचा गट नंबर. फरक एवढाच की, पाणी उताराकडेच वाहते, येथे माहिती लहानलहान पुडक्यांतून एकाच वेळी दोन्ही दिशांना धावते, आणि प्रत्येक पुडक्यावर निघण्याचा व पोचण्याचा पत्ता लिहिलेला असतो. कोणते पुडके आत घ्यायचे आणि कोणते वेशीवरूनच परत पाठवायचे, हे ठरवणाऱ्या पहारेकऱ्याला फायरवॉल म्हणतात. कोणत्या कारकुनाला कोणती फाइल उघडता यावी, कोणाची नोकरी संपली म्हणून त्याची किल्ली आजच काढून घ्यावी, कालच्या कामाची दुसरी प्रत सुरक्षित आहे की नाही, हीही कामे याच गृहस्थाची. सारे सुरळीत असते तेव्हा त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते. रात्री दोन वाजता जाळे बसले की मात्र व्यवस्थापकांपासून शिपायापर्यंत सर्वांना तोच हवा असतो.

या कामाचे मोल किती, ते पुण्याने २०१८ साली पाहिले. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर त्या वर्षी ११ आणि १३ ऑगस्टला सायबर हल्ला झाला. एटीएमच्या व्यवहारांना होकार-नकार देणारी जी यंत्रणा असते, तिला बगल देऊन चोरट्यांनी खोटे होकार देणारी व्यवस्था उभी केली, आणि २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांवर धडाधड पैसे काढले गेले. पाठोपाठ स्विफ्ट यंत्रणेतून सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळवण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली. तिजोरीला कोणी हातही लावला नव्हता. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या डिसेंबरात नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची श्रेणीवार नियमावली काढली. ज्या बँकांत पूर्वी संगणक म्हणजे खतावणी लिहिण्याचे यंत्र एवढीच समजूत होती, त्यांनाही आता हे जाळे राखणारा जाणता माणूस शोधावा लागतो. तालुक्याच्या गावातल्या बँका, इस्पितळे, साखर कारखाने, महाविद्यालये यांनाही तो लागतो. सगळी कामे हिंजवडीतच आहेत अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही.

मग अशा माणसाची परीक्षा घ्यायची कोणी? येथे मला साखर कारखान्याच्या बॉयलरचा दाखला द्यावासा वाटतो, कारण निरवांगीच्या पंचक्रोशीत तो सर्वांना कळतो. बॉयलर म्हणजे साक्षात कोंडलेला काळ. तो चालवणाऱ्याच्या हातात सरकारी दाखला असलाच पाहिजे, असे १९२३ च्या कायद्याखालील नियमांनी ठरवून दिले. बॉयलर अटेंडंटच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या परीक्षा, त्यांवर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा. भिंतीवर अभियांत्रिकीची पदवी चौकटीत टांगलेली असली, तरी तेवढ्यावर बॉयलर ताब्यात मिळत नाही. अनुभव दाखवून ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. १९२३ च्या कायद्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली, पण जाणत्या हातावाचून बॉयलर पेटवायचा नाही हे तत्त्व कायम आहे. घरातल्या विजेच्या तारा ओढणाऱ्या वायरमनलाही परवाना लागतो.

संगणकाच्या जाळ्याला मात्र असा कायदा नाही. बँकेचे सारे व्यवहार ज्याच्या बोटांवर चालतात, त्या माणसाला कोणताही सरकारी परवाना लागत नाही. म्हणजे पात्रता ठरवायची ती नोकरी देणाऱ्याने. आणि नोकरी देणाऱ्याच्या दारात दोन माणसे बसलेली असतात. पहिला अर्ज चाळणारा. त्याच्यापुढे अर्जांचा ढीग असतो, जाळ्याचे ज्ञान त्याला नसते, म्हणून तो 'पदवीधर' या शब्दाची चाळणी लावतो आणि निम्मा ढीग बाजूला सारतो. दुसरा बसलेला असतो तो स्वतः जाळे सांभाळणारा अनुभवी इंजिनिअर. तो पदवीचे नावही विचारत नाही. तो म्हणतो, "दोन स्विच जोडले आणि सगळे नेटवर्क ठप्प झाले, तर प्रथम काय पाहशील?" या दुसऱ्या माणसापुढे प्रमाणपत्राचा अभ्यास कामाला येतो. पण पहिल्याने अर्जच पुढे सोडला नाही, तर दुसऱ्याची गाठ पडणार कशी? पदवी की प्रमाणपत्र या सगळ्या वादाचे मूळ या दोन खुर्च्यांत आहे.

प्रमाणपत्रांची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. १९९० च्या सुमारास नॉव्हेल नावाच्या कंपनीच्या 'नेटवेअर'चा बोलबाला होता, आणि तिची सीएनई ही परीक्षा उतरलेल्याला नोकरीची वाण नव्हती. पुढे मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी आली, नेटवेअर मागे पडले, आणि त्याबरोबर ती मानाची तीन अक्षरेही रद्दीत गेली. त्यानंतर दिवस आले एमसीएसईचे. आपल्या शहरांतून क्लासांचे पेव फुटले. परंतु प्रश्न आणि उत्तरे आधीच पाठ करून पास होणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की अमेरिकेत त्यांना 'कागदी एमसीएसई' असे नाव पडले. मायक्रोसॉफ्टने २०२१ च्या जानेवारीत ती परीक्षा कायमची निकालात काढली. ज्यांनी तेव्हा केवळ कागद मिळवला होता, त्यांचा कागद गेला. ज्यांनी त्या निमित्ताने जाळे कसे चालते हे समजून घेतले, ते आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत.

सध्या प्रारंभासाठी सर्वांत ओळखीचे प्रमाणपत्र सिस्को कंपनीचे, म्हणजे सीसीएनए. ते १९९८ साली सुरू झाले. २०२० च्या फेब्रुवारीपासून त्याच्या निरनिराळ्या शाखा मोडून एकच परीक्षा ठेवण्यात आली आहे. वेळ १२० मिनिटे, शुल्क ३०० डॉलर, म्हणजे कर धरून २५ हजार रुपयांच्या पुढे. पदवीची अट नाही, बारावीचीही नाही. अभ्यासक्रमात सर्वांत मोठा वाटा, २५ टक्के, पुडके एका जाळ्यातून दुसऱ्यात कसे पोचते याला. १५ टक्के सुरक्षेला. आणि १० टक्के स्वयंचलित व्यवस्थेला. हा शेवटचा भाग २०२० साली नव्याने घातला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पूर्वी एकेका स्विचपुढे बसून हाताने जे आदेश द्यावे लागत, ते आता एक लहानशी आज्ञावली शेकडो स्विचना एकदम देते. त्यामुळे ज्याला थोडेही प्रोग्रामिंग येत नाही, त्याची वाट दिवसेंदिवस अरुंद होणार. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. पुढे ते नवे करावे लागते. पदवी एकदा मिळाली की मरेपर्यंत आपली. प्रमाणपत्र मात्र गाडीच्या पीयूसीसारखे सारखे काढत राहावे लागते.

याच कंपनीची सीसीआयई नावाची परीक्षा १९९३ पासून आहे. तिच्या प्रात्यक्षिकाला सलग आठ तास बसावे लागते, आणि या क्षेत्रात तिला जगभर मान आहे. तिलाही पदवीची अट नाही. म्हणजे पदवीवाचून शिखरावर जाता येत नाही, असे मुळीच नाही. आपल्याकडचेच पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले, आणि पदवीवाचून व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तेथे बढतीच्या वेळी डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी बेळगावची वाट धरली. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या वालचंद हिराचंदांनीही कॉलेजचे शिक्षण अर्धवटच सोडले होते. पण हे दाखले चिरंजीवांच्या हाती देताना जरा जपून! डावलले जाण्याचा अनुभव लक्ष्मणरावांनाही चुकला नाही, आणि नोकरी सोडून कारखाना काढण्याची छाती प्रत्येकाजवळ असत नाही.

सरकारी आणि बँकेच्या नोकरीचा नियम तर अगदी कोरडा आहे. 'आयबीपीएस'मार्फत बँकांतल्या आयटी अधिकाऱ्यांची जी निवड होते, तिला संगणक, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे विषयांतली चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी किंवा त्याच विषयांतली पदव्युत्तर पदवी लागते. तीन वर्षांची साधी बी.एस्सी. तेथे पुरत नाही. मात्र कोणत्याही शाखेच्या पदवीधराने 'डोएक'ची बी लेव्हल परीक्षा उतरलेली असेल, तर त्याला दार उघडते. हा बारकावा पुष्कळ पालकांच्या लक्षात तीन वर्षांची फी भरून झाल्यावर येतो. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसालाही पदवी किंवा तिच्या तोडीचे शिक्षण-अनुभव दाखवावे लागतात. कामाची तीन वर्षे म्हणजे कॉलेजचे एक वर्ष, असा तेथला हिशेब आहे. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाल्यावर त्या वाटेवरची गर्दी तशीही ओसरू लागावी, असे वाटते.

पैशाची बाजू आणखी निराळी आहे, आणि सामान्य समजुतीच्या उलट आहे. प्रमाणपत्र स्वस्त आणि पदवी महाग, असे सारे धरून चालतात. पण पदवीला बँक शैक्षणिक कर्ज देते. खाजगी क्लासच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला ते सहसा मिळत नाही, ते पैसे रोख मोजावे लागतात. शिवाय महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या जुलैत असा निर्णय काढला की, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रम घेतल्यास शिक्षण-शुल्क आणि परीक्षा-शुल्क पूर्ण माफ. आता निरवांगीच्या त्या घरात चिरंजीवांच्या पाठची एखादी बहीण असेल, तर हिशेब साफ उलटा होतो! मुलाला पदवी आणि मुलीला कुठलासा लहान कोर्स, ही जी आपल्या घरांची जुनी रीत, ती निदान या एका ठिकाणी पैशाच्या दृष्टीनेही तोट्याची ठरते. मुलीने अभियांत्रिकीची पदवी घ्यावी, तीही माफीत, आणि शेवटच्या वर्षाला सीसीएनए पदरात पाडावे. रात्रपाळीची अडचण घरचे पुढे करतील. ती खोटी नाही. पहिली दोन-तीन वर्षे पाळ्या कराव्याच लागतात. पण इस्पितळातल्या परिचारिकेच्या रात्रपाळीला आपण केव्हाच सरावलो आहोत.

मुलाचे काय? माझे मत विचाराल, तर नुसत्या बारावीवर प्रमाणपत्र घेऊन पुण्याला जाण्याचा सल्ला मी देणार नाही. नोकरी मिळेल, नाही असे नाही. लोकांच्या टेबलाखाली शिरून तारा तपासण्याची, किंवा रात्रभर पडद्यावरचे लाल-हिरवे दिवे पाहत बसण्याची. त्यात कमीपणा काहीच नाही. सगळे तेथूनच सुरू करतात. पण पाच-सहा वर्षांनी बढतीची वेळ येईल, तेव्हा ती पहिली खुर्ची पुन्हा आडवी येईल, आणि तोवर लग्न, घरभाडे, आईचे औषधपाणी यांतून अभ्यासाला बसणे कठीण झालेले असेल. उलट, नुसती पदवी घेऊन बसलेल्याची गतही चांगली नाही. चार वर्षांत स्विचला हात न लावलेले पदवीधर त्या दुसऱ्या खुर्चीपुढे घाम पुसताना दिसतात.

मधला मार्ग आपल्या राज्यात चांगला मळलेला आहे, पण शहरी मध्यमवर्गाने त्याला उगाच कमी लेखले. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका. तीवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, किंवा नोकरी. ज्याची बारावी होऊन गेली आहे, त्याने बारामतीला रोज जाऊन-येऊन संगणकशास्त्राची तीन वर्षांची पदवी घेतली तरी चालेल. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून तेथे आहे, विद्या प्रतिष्ठानच्या संस्था आहेत. पुण्यातल्या खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे वाचतात, आणि तेवढ्यात दोन वेळा परीक्षेची फी निघते. आणि ज्याला आजच कमावणे भाग आहे, त्याला नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. मान्यताप्राप्त मुक्त आणि दूरशिक्षणाच्या पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या मानाव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्टच सांगून टाकले. दिवसा कचेरीत तारा ओढाव्यात, रात्री पुस्तक उघडावे. हे बोलायला सोपे आहे; करणाऱ्याचे डोळे तांबारतात.

क्लासांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. 'शंभर टक्के नोकरीची हमी' अशी पाटी जेथे दिसेल, तेथे हमी लेखी मागावी. बहुधा संभाषण तेथेच संपते. पुष्कळ मुलांना हे माहीतच नसते की, सिस्कोने १९९७ साली सुरू केलेल्या नेटवर्किंग ॲकॅडमीचे प्राथमिक धडे घरबसल्या फुकट मिळतात, आणि 'पॅकेट ट्रेसर' नावाची आज्ञावलीही. तिच्यात पडद्यावरच राऊटर मांडता येतात, जोडता येतात, बिघडवता येतात आणि दुरुस्त करता येतात. मुलाला खरोखर गोडी आहे की नुसती हौस, हे ओळखायला तीन महिने हे करून पाहणे पुरे. त्यात तो रमला, तरच अण्णांनी हप्त्याच्या पैशाला हात लावावा.

इंग्रजीची भीती मात्र खरी आहे. सीसीएनएची परीक्षा इंग्रजी आणि जपानी या दोनच भाषांत होते. मराठी माध्यमाच्या मुलाला प्रश्नातली खोच कळेपर्यंत घड्याळ पुढे गेलेले असते. पण ते इंग्रजी कादंबरीचे नव्हे. शे-दोनशे ठरावीक शब्द आणि तीच ती वाक्ये. सहा महिने रोज दोन पाने मोठ्याने वाचली, तर ते हाताखाली येते.

परीक्षा पुण्यातल्या केंद्रावर देता येते, आणि आता घरूनही. घरून देण्याच्या अटी मात्र ऐकून ठेवाव्यात. खोलीत परीक्षार्थी एकटा हवा, टेबल मोकळे हवे, कॅमेरा चालू हवा, आणि सारा वेळ दुसऱ्या कोणीही आत डोकावता कामा नये. डोकावले तर परीक्षा तेथेच रद्द होऊ शकते, आणि भरलेले शुल्क परत मिळेलच असे नाही. वीज आणि इंटरनेट टिकले पाहिजे, ही अट वेगळी. खेड्यातल्या वाड्यात, सणासुदीच्या दिवसांत, दोन तास एका खोलीचे दार लावून ठेवायचे आणि चहा घ्यायला कोणी हाक मारायची नाही! चिरंजीवांनी सरळ बारामतीहून पहाटेची एसटी धरावी आणि पुण्याच्या केंद्रावर जावे, हे बरे.